प्रबुद्धचं मत

माझा धाकटा भाऊ प्रबुद्ध याचं कॉम्प्युटरच्या दुनियेतल्या प्रत्येक गोष्टीवर मत होतं. तो पुण्यात एका दुकानात सुटे भाग जोडून मशीन तयार करायचा आणि आठवड्याच्या सुट्टीला एसटीने साताऱ्याला यायचा, तो बॅगेत मळके कपडे आणि तोंडात मतं घेऊन. कपडे आक्काताई धुवायची, मतं आम्ही ऐकायची. आक्काताई म्हणजे आमची आई. सदरबझारातली अख्खी आळी तिला आक्काताई म्हणते, म्हणून आम्हीही तेच म्हणतो.

अठ्ठ्याण्णवच्या दिवाळीत त्याचं म्हणणं होतं की नेटस्केप सोडून दुसरा ब्राउझर वापरणारा माणूस अडाणी. संक्रांतीला त्याने बातमी आणली की नेटस्केप विकलं गेलं, आणि हे होणार हे त्याला आधीच माहीत होतं. होळीपर्यंत एक्स्प्लोररशिवाय जगात काही उरलं नव्हतं. अधूनमधून तो प्रोसेसरवर घसरायचा. अमका घेणारा फसला, तमका घेणारा महाफसला, पेंटियम थ्री येऊ दे मग बघा. दोन हजार साल उजाडलं की बँका कोलमडणार, हे तर तो रिक्षावाल्या जोतिबाला इतक्या खात्रीने सांगायचा की त्या बिचाऱ्याने पतपेढीत जाऊन चौकशी केली. आळीतली माणसं आमच्या ओट्यावर बसून हे सगळं ऐकायची. त्यांच्यातल्या एकाच्याही घरात कॉम्प्युटर नव्हता.

आमच्या घरात होता, पण फोन नव्हता. फोन नाही म्हणजे इंटरनेट नाही. मी एकदा त्याला सरळ विचारलं की मग तुझा ब्राउझर काय चाटायचाय? त्यावर तो हसून म्हणाला, ताई, तयारी असावी लागते. हे त्याचं हसणं मला लहानपणापासून सहन होत नाही. चुकीचं बोलून वर समजूतदार हसणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, पण घरात एकच होता.

कॉम्प्युटर माझ्यामुळे आला होता. पोवई नाक्याजवळ नानासोंच्या प्रेसमध्ये मी मराठी टायपिंगचं काम करायची. लग्नपत्रिका, मंडळाची पावतीपुस्तकं, दहाव्याचे कागद, असलं सगळं. प्रेसने नवीन मशीन घेतली तेव्हा जुनी फोर-एट्टी-सिक्स नानासोंनी मला दिली आणि मराठी फॉन्टही घालून दिले. प्रबुद्धने तिला पहिल्या दिवशी बघितलं आणि म्हणाला, ही म्युझियमला देऊन टाक. डिस्क एवढीशी, रॅम नावाला, सीडी ड्राइव्ह नाही. सगळं खरं होतं. पण मला तिच्याकडून जे काम हवं होतं त्याला सीडी लागत नव्हती.

मला आबांचं बोलणं लिहून घ्यायचं होतं. आबा म्हणजे आमचे वडील, पलटणीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. मागच्या पावसाळ्यापासून ते विसरायला लागले होते. आधी चष्मा, मग पेन्शनीची तारीख, मग एकदा पोवई नाक्यावरून घरचा रस्ता. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की हे मागे फिरणारं दुखणं नाही, जे विचारायचं असेल ते आता विचारून घ्या. मी रडले नाही. घरी आले आणि मशीनसमोर दोन खुर्च्या मांडल्या.

आमची पद्धत ठरून गेली. ते बोलायचे, मी त्यांच्याच बोलीत जसंच्या तसं टाइप करायची. दुसऱ्या दिवशी बसलो की मी आधी कालचं वाचून दाखवायची. वाचलं की त्यांना धागा सापडायचा. न वाचता विचारलं तर ते नुसते बघत राहायचे. आबांची अट एकच होती. "पुरं झाल्याबिगर ह्ये घराच्या भायेर न्यायचं न्हाई. परक्या माणसानं आर्धंमुर्धं वाचलेलं मला खपायचं न्हाई." घरी प्रिंटर नव्हता आणि प्रेसमध्ये छापायचं तर चार जण वाचणार. म्हणून कागदावर काहीच नव्हतं. मशीनमध्ये एक फोल्डर आणि टेबलाच्या खणात दोन फ्लॉप्या, ज्यांच्यावर मी पेनाने 'आबा' असं लिहिलं होतं.

पलटणीतल्या गोष्टी आम्हाला पाठ होत्या. जानेवारीत एका दुपारी मात्र आबा जे बोलले ते घरात कोणीच कधी ऐकलेलं नव्हतं, आक्काताईनेसुद्धा नाही. औंधाजवळचं त्यांचं गाव. त्यांचे वडील, ज्यांना ते दादा म्हणायचे, गावातली मेलेली ढोरं ओढायचे, कारण ते त्यांच्या वाट्याचं गावकाम होतं. एका सकाळी पाटलाचा बैल मेला आणि बोलावणं आलं. दादा हात धुऊन उंबऱ्यावर बसले आणि म्हणाले, आजपासून न्हाई. गावाने पाणी तोडलं, दळण बंद केलं, मजुरी बंद केली. चंद्राबाई नावाची माळ्याची एक बाई पहाटे कुंपणाला पिठाचं गाडगं ठेवायची आणि आबा पोरवयात ते आणायला जायचे. त्या उन्हाळ्यात त्यांची धाकटी बहीण तापाने फणफणली. दादा तिला खांद्यावर टाकून गावातल्या वैद्याकडे गेले. वैद्याने दार उघडलं नाही. आतून म्हणाला, आधी ढोरं वढायला ये, मग औषिद नेयाला ये. दादा तसेच मागे फिरले. पोर गेली. तिचं नाव अनू.

मला आत्या होती, हे मला त्या दुपारी कळलं. आबा खिडकीतून बाहेर बघत बोलत होते आणि माझी बोटं चालत होती. ते थांबले तेव्हा मी विचारलं, मग आजोबा परत कामावर गेले का? आबा म्हणाले, "न्हाई गेला. त्या दिसापासनं त्यानं हातात दोरी धरली न्हाई. ढोराची न्हाई, हिरीची न्हाई, कसलीच न्हाई. पानी बी आयच शेंदायची. दादा नुसता हुबा ऱ्हायचा." हे वाक्य मला तोंडपाठ आहे. बाकीचं तसं नाही. बाकीचं मला त्यांच्या शब्दांवर सोडायचं होतं.

मार्चपर्यंत आबांना ती दुपार आठवेनाशी झाली होती. मी वाचून दाखवलं की डोळे भरायचे, आणि दर वेळी ते नव्याने ऐकल्यासारखे ऐकायचे. कधी एखादी नवी गोष्ट त्यात घालायचे, अनूच्या पायात वाळा होता, ती गाडग्यातलं पीठ कच्चंच चाटायची. मी ते योग्य जागी घालायची. फार थोडं राहिलं होतं. बुद्धपौर्णिमेला घरातच सगळ्यांसमोर वाचायचं आणि मग छापायला द्यायचं, असं आमचं दोघांचं ठरलं होतं.

प्रबुद्धला हे माहीत होतं का? तसं माहीत होतं. ताई आबांचं काहीतरी टाइप करते, एवढं. काय, ते त्याने कधी विचारलं नाही. तीन-चार महिन्यांत त्याने मशीनच्या पंख्याच्या आवाजाबद्दल विचारलं, मॉनिटरच्या रंगाबद्दल विचारलं. आबा खुर्चीत बसून बोलत असले की तो दाराशी उभा राहून म्हणायचा, ताई, स्क्रीन जरा मागे घे, डोळे जातील.

एप्रिलमध्ये लग्नसराईमुळे प्रेसमध्ये कामाची झुंबड उडाली होती. नानासोंनी रविवारीही बोलावलं. अशाच एका रविवारी मी घरी नसताना प्रबुद्धने खणातल्या फ्लॉप्या पुण्याला नेल्या. मला पत्ता नव्हता. नवा एक्स्प्लोरर आला होता, तो दुकानातल्या सीडीवर होता, आपल्या म्युझियमला सीडी चालत नाही, तेव्हा तुकडे करून बऱ्याच फ्लॉप्यांवर आणायचा, असा त्याचा बेत. पुढच्या रविवारी मी संध्याकाळी दिवेलागणीला घरी आले तेव्हा आमच्या पुढच्या खोलीत चपला काढायलाही जागा नव्हती. जोतिबा, शेजारचा केरबा, दोन-तीन बायका, सगळे मशीनभोवती. पडद्यावर एक पांढरं पान होतं आणि त्यावर इंग्रजीत लिहिलं होतं की हे पान दाखवता येत नाही. प्रबुद्ध समजावून सांगत होता की फोनची लाइन आली की इथेच अख्खं जग दिसणार. केरबा म्हणाला, लय भारी हाय गड्या. सगळ्यांनी माना डोलावल्या.

मी खांद्याची पिशवी उतरवली आणि त्याला म्हटलं, सरक, मला आबांची फाइल बघू दे. सकाळी त्यांनी सांगितलेलं थोडं घालायचंय.

तो उठला नाही. म्हणाला, "ताई, तुझी मशीन मी पार साफ केली. आता बघ कशी पळते."

साफ म्हणजे काय, ते त्याने सगळ्यांसमोर, नवीन पोराला शिकवावं तसं मला सांगितलं. एक, मशीनमध्ये ढीगभर फॉन्ट भरले होते आणि फॉन्ट जास्त झाले की विंडोज मंदावते, हे जगजाहीर आहे. म्हणून त्याने जादाचे फॉन्ट उडवले. दोन, तरीही ब्राउझरला जागा कमी पडत होती, म्हणून तो फायली उघडून बघत गेला, तर एका फोल्डरमध्ये नुसता कचरा निघाला. इंग्रजी अक्षरं, त्यांच्या डोक्यावर टोप्या, मध्येच प्रश्नचिन्हं, पानंच्या पानं. तोच कचरा त्याला दुकानात फ्लॉप्यांवर दिसला होता, म्हणजे व्हायरस दोन्हीकडे. फ्लॉप्या त्याने पुण्यातच फॉरमॅट केल्या होत्या. इथलं फोल्डर आज उडवलं.

त्या वेळी मराठीचं हे असंच होतं. मशीन आतमध्ये ती विचित्र इंग्रजी अक्षरंच साठवायची आणि फॉन्ट त्यांना मराठी चेहरा द्यायचा. फॉन्ट काढला की चेहरा गेला, मागे राहिला तो गिचमिड मजकूर. पण राहायचा. फॉन्ट परत घातला असता तर आबांचा शब्दन् शब्द परत उभा राहिला असता. हे साताऱ्यातल्या कुठल्याही प्रेसमधल्या पोरीला माहीत होतं. प्रबुद्धला माहीत नव्हतं, कारण त्याच्या दुकानात मराठीत कोणी काही लिहीतच नव्हतं.

मी जोतिबाला आणि केरबाला म्हटलं, तुम्ही घरी जा. माझा आवाज कसा निघाला असेल कोण जाणे, बायका आधी उठल्या. खोली रिकामी झाली.

"त्या फ्लॉप्यांवर काय लिहिलं होतं?" मी विचारलं.

"आबा लिहिलं होतं."

"मग?"

"मग काय? मला वाटलं आबांच्या आहेत. आबांच्या फ्लॉपीत काय असणार, ताई?"

त्या क्षणी माझ्या हातात काही असतं तर मी त्याच्या डोक्यात घातलं असतं. काही नव्हतं म्हणून मी त्याला काय उडवलं ते सांगितलं. आबा महिनोन् महिने बोलत होते ते. डॉक्टरांनी विचारून घ्या म्हटलं होतं ते. एवढंच सांगितलं, आतलं काही नाही. त्याचा चेहरा उतरला, हे मला कबूल आहे. पण उतरलेला चेहरा घेऊन तो पहिली गोष्ट काय बोलला? म्हणाला, घाबरू नकोस, डिलीट झालेलं परत आणता येतं. आणि कीबोर्ड ओढून बसला.

मी मागे उभी राहून बघत होते. बोटं झरझर चालत होती, त्यात तो खरंच तरबेज होता. बऱ्याच वेळाने त्याने सांगितलं की अवघड आहे, कारण फोल्डर उडवल्यावर त्याने डिस्क नीट लावून घेतली होती, म्हणजे उरलेल्या फायली सरकवून रिकामी जागा एकत्र केली होती, आणि मग रिकाम्या जागेवर एक्स्प्लोरर बसवला होता. म्हणजे आबा जिथे होते तिथे आता एक्स्प्लोरर होता. मग तो खुर्ची वळवून मला सांगायला लागला की खरं तर फ्लॉपीवर कधीच विसंबू नये, तिचा भरवसा नसतो, तुझ्याकडे तिसरी कॉपी असायला हवी होती. बाहेर तर आता सीडी लिहायची यंत्रं निघाली आहेत.

"तुझं मत मी विचारलं नाही," मी म्हणाले.

"मी मत नाही सांगत, मी टेक्निकली सांगतोय."

"प्रबुद्ध, तोंड बंद कर."

त्याने केलं नाही. तो चिडला. म्हणाला, एवढं महत्त्वाचं होतं तर मला सांगायचं होतं, मला काय स्वप्न पडतं? आणि टाइप तूच केलंस ना, मग तुला आठवत असेलच. पुन्हा टाइप कर. हे सगळ्यात वाईट होतं. मला गोष्ट येत होती, ती कोणालाही आली असती. बैल, उंबरा, वैद्य, ताप. पण आबा कुठे थांबले, कुठे दादाला अरे-तुरे केलं आणि कुठे अहो-जाहो, वैद्याचं दार सांगताना त्यांनी तेच वाक्य कसं पुन्हा पुन्हा म्हटलं, ते मी कुठून आणणार होते? मी लिहिलं असतं तर ते माझं झालं असतं. प्रेसमधल्या पोरीने सुबक लिहिलेलं. मी त्याला म्हटलं, तुला भाग बदलायची सवय आहे, जुना काढून नवा घातला की तुझी मशीन चालू होते. तो म्हणाला, तू नेहमी असंच टोचून बोलतेस. मी म्हटलं, तू त्याच लायकीचा आहेस.

आक्काताई स्वयंपाकघरातून येऊन दारात उभी होती. तिला फाइल म्हणजे काय हे कळत नव्हतं, पण काय गेलं ते बरोबर कळलं होतं. ती त्याच्याकडे बघून एवढंच म्हणाली की जेवायला वाढलंय, आणि त्याचं ताट तिने वाढलेलं नव्हतं.

मग आबा आले. मागच्या अंगणात बाजेवर होते, भांडण ऐकून उठले असणार. भिंतीला हात लावत आले, नेहमीच्या खुर्चीत बसले आणि दोघांकडे बघत म्हणाले, काय झालं रं? तेव्हा मीच सांगितलं. मला त्याला वाचवायचं नव्हतं. आबा, तुम्ही जे सांगत होता ते सगळं पुसलं गेलं. प्रबुद्धने पुसलं. त्याला तो कचरा वाटला.

आबांनी ते ऐकून घेतलं. रागावतील असं मला वाटलं, खरं तर मला हवं होतं. पलटणीतल्या माणसाचा राग आम्ही लहानपणी पाहिला होता. पण ते प्रबुद्धकडे वळले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, थोडा ओशाळेपणा होता. आपल्याकडून काही चुकल्यावर पाहुण्यासमोर माणूस ओशाळतो तसा.

"आसंल," ते म्हणाले. "कचराच आसंल त्यो. म्हातारं मानूस, काय बी बोलत आसंल मी. तुला त्यातलं कळतंय, पोरा. ऱ्हाऊ दे, दीपे, त्याला बोलू नगंस."

प्रबुद्ध खाली बसला. खुर्चीवर नाही, फरशीवर, आबांच्या पायाशी. आबांचा गुडघा धरून म्हणाला, आबा, पुन्हा सांगा, मी लिहून घेतो, आत्ता लिहून घेतो. आबांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि विचारलं, काय सांगू? त्याला काय विचारायचं ते माहीत नव्हतं. तो म्हणाला, तेच, तुमचं, लहानपणीचं. आबा विचार करत राहिले. मग म्हणाले, "ल्हानपनीचं काय न्हाई गा. समद्यांचं आसतंय तसंच." आणि जेवण झालं का म्हणून मला विचारलं.

आक्काताईने त्यांना धरून आत नेलं. मी मशीन बंद केली. प्रबुद्ध फरशीवरच बसलेला होता. त्याने मान वर केली, आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्याच्या बोलण्यात मत नव्हतं.

"ताई," तो म्हणाला, "काय होतं गं त्यात?"

मी त्याला सांगितलं नाही.

आबांना जाऊन आता बराच काळ झाला. आत्याबद्दल मी आक्काताईला सांगितलं, माझ्या लेकीला सांगितलं, अनूच्या पायातल्या वाळ्यासकट. प्रबुद्ध घरी येतो, मुलांशी खेळतो, नव्या मशीनबद्दल फार बोलत नाही. अधूनमधून मी एकटी सापडले की तोच प्रश्न पुन्हा विचारतो. मी त्याला चहा करून देते.